भोईर बाईंची बोट

आमच्या शाळेत 'बघू' हा शब्द भोईर बाईंसमोर उच्चारायची कोणाची टाप नव्हती. नवा लागलेला एखादा शिक्षक चुकून बोलून जायचा. मैदानावर फक्कीच्या रेघा मारायला येता का, असं बाईंनी विचारलं आणि त्यानं मान हलवत "बघू" म्हटलं, की बाई कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहायच्या.

"बघू न्हाय. हो, का न्हाय? न्हाय म्हणालात तरी मला राग न्हाय. पण बघू म्हणू नका."

तो बिचारा "हो" म्हणून मोकळा व्हायचा आणि पुढची दोन वर्षं रेघा मारत राहायचा.

भिवंडीत धामणकर नाक्यावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना कापडाच्या लूमचे गाळे लागतात आणि त्यांच्या मधोमध आमची मुलींची शाळा. भिंतीपलीकडे दिवसभर खटखट चालू. मी तिथं मराठी शिकवते, कल्याणहून येते. पहिल्या वर्षी मला प्रश्न पडायचा, की या आवाजात कविता शिकवायची कशी. भोईर बाईंना तो प्रश्न कधी पडला नसावा. त्या पीटी शिकवायच्या आणि त्यांनी मैदानावरून "सावधान" म्हटलं की पलीकडच्या गाळ्यातला कारागीरही क्षणभर थबकत असेल, असं आम्ही गमतीनं म्हणायचो.

बाई कोन गावच्या. कल्याण-भिवंडी रस्त्यावरचं कोन. माहेर तिथलंच, सासरही तिथलंच, दोन्ही घरांच्या मध्ये एक विहीर. अंगानं उभ्या-आडव्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे बूट, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या बरोबरीनं शिटी. लग्नकार्यालाही ती शिटी त्यांच्या पर्समध्ये असायची. एकदा एका हळदीच्या मांडवात जेवणाच्या रांगेत ढकलाढकली झाली, तेव्हा बाईंनी ती काढून वाजवली आणि वऱ्हाडाची सरळ रांग लावली, असं त्यांच्याच पुतणीनं मला सांगितलं.

शिटीचा पराक्रम मी स्वतःही पाहिला आहे. आमच्या मुलींचा कबड्डीचा सामना होता आणि धामणकर नाक्यावर रिक्षा अडकल्या. सिग्नल बंद, चारी बाजूंनी टेम्पो, मधोमध एक कंटेनर आडवा. वेळेत पोचलो नाही तर सामना न खेळताच बाद. बाई रिक्षातून उतरल्या, चौकात गेल्या आणि शिटी वाजवायला लागल्या. कंटेनरच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"मॅडम, आप ट्राफिक में हो क्या?"

"पीटी में हूँ. गाडी पीछे ले!"

त्यानं गाडी मागं घेतली. पाठोपाठ टेम्पो हलले, रिक्षा सुटल्या, आम्ही पोचलो. मुली सामना हरल्या, तोही वाईट हरल्या. परत येताना सगळ्या रडवेल्या. बाई मात्र खूश. "हरलो," त्या म्हणाल्या, "पण टायमावर हरलो. खेळून हरलो. घरी बसून न्हाय."

'बघू' या शब्दावरचा त्यांचा राग कुठून आला, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. दहावीत असताना त्यांची जिल्ह्याच्या संघाच्या शिबिरासाठी निवड झाली होती. घरी विचारलं. वडील म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी विचारलं, बघू. रोज बघू. वडील रागावले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. एक दिवस शिबिरच संपलं. "मला त्यांनी अडवलं असतं तर मी भांडले असते गं," बाई म्हणाल्या. "भांडायला समोर काहीतरी लागतं. बघू म्हणजे नुसती हवा."

निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना बाई एका रविवारी ठाण्यापुढे कोणा नातेवाइकाकडे साखरपुड्याला गेल्या होत्या. कार्यक्रम लवकर आटपला. जवळच खाडीकाठी निसर्ग उद्यान आहे, बोटीतून पक्षी दाखवतात, असं कोणी बोललं. बाकीची मंडळी जेवून लवंडली. बाई एकट्याच रिक्षा करून गेल्या.

सोमवारी त्या शिक्षकखोलीत आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी.

"तू फ्लेमिंगो बघितलास?"

"टीव्हीवर."

"टीव्हीवर न्हाय. खरा. मी बोटीत बसले. दोन्ही बाजूला तिवरांचं रान, मध्ये पाणी, मागं हायवेच्या बिल्डिंगा. आणि मग एकदम गुलाबी. इतका गुलाबी की खोटाच वाटतो." त्या खुर्चीत बसल्या, परत उठल्या. "मी खाडीकाठचीच की. लहानपणी चिखलात लोळलोय आम्ही. पण खाडीकडे असं नुसतं बघायला म्हणून कधी गेलेच न्हाय. कुणी नेलंच न्हाय. पोरींना न्यायचं."

आमच्या शाळेत मुलींची सहल म्हणजे वर्षानुवर्षांचं दुखणं होतं. दरवर्षी सहल ठरायची, मुली नाचायच्या, घरी विचारायच्या आणि दुसऱ्या दिवशी खाली मान घालून यायच्या. मुख्याध्यापकांनी तर सहल हा विषयच काढायचं सोडलं होतं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता.

"खाडीवर?" ते म्हणाले. "मुलींना? बाई, कोणी पाण्यात पडलं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी."

"पालक तयार होतील का?"

"मी विचारते."

"ठीक आहे," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर येता येता राहिला. मी बघत होते. त्यांनी खोकला काढला.

बाई घरोघरी निघाल्या. मी त्यांच्याबरोबर बऱ्याच घरी गेले, म्हणून सांगते, कुठेही कोणी उर्मटपणे बोललं नाही. चहा मिळाला, खुर्ची मिळाली, पंखा आमच्याकडे वळवला गेला. आणि सगळीकडे तोच शब्द. बघू, बाई. बघू, टीचर. देखेंगे, मॅडम. नाक्याजवळच्या चाळीत नसरीन राहायची, तिची मुलगी नववीत. नवरा लूमवर, रात्रीची शिफ्ट करून झोपलेला. तो डोळे चोळत उठला, आदरानं बोलला आणि "देखते हैं" म्हणून परत झोपला. बाई जिना उतरताना म्हणाल्या, "हिंदीत पण तेच!"

शेवटचं घर वळ गावात होतं. वळमध्ये आता शेतांपेक्षा गोदामं जास्त. त्यांच्या मागच्या गल्लीत प्राचीचं घर होतं. प्राची आमच्या नववीतली, कबड्डीच्या संघातली. तिची आई संगीता एका गोदामात पॅकिंगला जायची, वडील टेम्पो चालवायचे. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "बाई, खाडी मी कशेळीच्या पुलावरून रोज बघतो. त्यात बघण्यासारखं काय हाय? एवढ्या लांब पोरीला... बघू."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. दमल्या होत्या. तेवढ्यात संगीता चहाचे कप न्यायला वाकली आणि नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुटपुटली, "प्राचीचं जाऊ द्या, बाई. ती आज ना उद्या जाईल कुठं तरी. मीच लग्न करून आले तेव्हापासून घर आणि गोदाम. तिसरी जागा न्हाय."

परतीला आम्ही शेअर रिक्षा धरली. अंजूरफाट्याला रिक्षा थांबली, दोन माणसं उतरली, आणि बाईंनी माझा दंड असा पकडला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता.

"पोरींना न्हाय," त्या म्हणाल्या. "आधी आयांना न्यायचं."

दुसऱ्या फेरीत बाईंनी बापांना वेगळंच विचारलं. पोरीला पाठवायची जागा सुरक्षित हाय का न्हाय, हे घरातल्या कोणी तरी आधी बघून यायला नको? यायला पाहिजे. मग तुम्ही येता? एकच सुट्टी, झोप काढायची हाय? मग आईला पाठवा. शुक्रवारी लूम बंद असतात, तुम्ही घरी असताच, पोरं तुम्ही सांभाळा. चारच्या आत आई घरी. मी भोईर बाई, माझा टाइम तुम्हाला माहीत हाय.

याला नाही म्हणायला कोणालाच कारण सापडेना. मुख्याध्यापकांना तर बाईंनी याला दिलेला 'पालकांची पाहणी' हा शब्द इतका आवडला की तो त्यांनीच सुचवल्यासारखं ते सांगू लागले.

त्या शुक्रवारी बाईंनी रजा टाकली, मीही टाकली. सकाळी बस शाळेसमोर उभी राहिली आणि बायका येऊ लागल्या. कोनच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, अंबाड्यावर गजरे माळून. काही नाक्याजवळच्या वस्तीतल्या, एक जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात नर्स होती ती रात्रपाळी करून थेट आलेली. नसरीन नव्या चपला घालून, सारखी त्यांच्याकडे बघत. संगीता वळच्या फाट्यावर चढली. तिच्या हातात एवढा मोठा डबा होता की आधी डबा चढला आणि मागून ती.

"अगं, पाहणीला चाललोय, बारशाला न्हाय," बाई ओरडल्या. पण त्यांच्याही पिशवीत चकल्या होत्या.

कशेळीच्या पुलाच्या अलीकडे गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. पुढे एक ट्रेलर बंद पडला होता. बाई दोनदा उतरून पुढे जाऊन आल्या. शिटी वाजवून बंद इंजिन सुरू होत नाही. आम्ही उद्यानाच्या फाटकात शिरलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

आमच्याबरोबर फिरायला उद्यानातला एक तरुण मार्गदर्शक आला. त्यानं नम्रपणे नमस्कार केला आणि म्हणाला, "मॅडम, बोट गेली. आता पाणी उतरलंय. खाडीत बोट चालेल एवढं पाणी नाही. पुढची बोट पाणी चढल्यावर, चारच्या सुमारास. तोवर तुम्ही लाकडी पुलावरून तिवरं बघा, आत प्रदर्शन आहे..."

बाईंचा चेहरा मी कधीच असा पाहिला नव्हता. चारला त्यांना बायकांना घरी सोडायचं होतं. बोटीसाठी थांबावं तर शब्द मोडला, आणि तो मोडला की पुढं कोण मुलीला पाठवणार? आणि परत जावं तर या बायका इतक्या लांबून येऊन काय बघून गेल्या? चिखल?

सगळ्या बाईंकडे बघत होत्या. कोणीतरी विचारलं, "बाई, मग काय करायचं?"

आणि भोईर बाई म्हणाल्या, "बघू."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं त्यांनाही कळलं असावं. त्यांनी मान खाली घातली. मग संगीता पुढं आली. डबा तिच्या कडेवर होता.

"बाई," ती म्हणाली, "बघू न्हाय. हो, का न्हाय?"

मागं एकीनं फिस्सकन हसून तोंडाला पदर लावला. बाई संगीताकडे बघत राहिल्या.

"तूच सांग," त्या म्हणाल्या. "घरी तुझा नवरा वाट बघतोय. शब्द मी दिलाय, पण बोलणी तुला खायची हायेत."

संगीतानं डबा माझ्याकडे दिला आणि ब्लाउजमधून फोन काढला. तिनं फोन लावला.

"हां, मी बोलतेय. ऐका. बोट चारला हाय. म्हणून मला उशीर होईल... न्हाय, काही झालं न्हाय, सगळ्या ठीक हायेत. बोट चारला हाय, असं सांगतेय... दिवे लागल्यावर येईन... तांदूळ डब्यात हायेत. दोन वाट्या घ्या. धुऊन घ्या. पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत. आईंना विचारू नका, त्या जास्त घालतात... हो. पक्षी बघून येते. ठेवते."

तिनं फोन ठेवला आणि स्वतःच आश्चर्यानं त्याच्याकडे बघत राहिली.

मग काय, पिशव्यांतून, कनवटीतून, पाकिटांतून फोन निघाले. फाटकाजवळच्या त्या सावलीत एकाच वेळी सगळ्या बोलत होत्या. "कुकर नको, पातेल्यात करा." "हां जी, चार बजे की बोट है, शाम को आऊँगी." "दूध फाटलं तर फाटू द्या!" नर्सबाईनं घरी फोनच केला नाही, ती म्हणाली, माझा नवरा दिवसभर झोपणार आहे, त्याला मी आले का गेले कळणार नाही. भोईर बाई मधोमध उभ्या राहून ऐकत होत्या, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर जे हसू पसरत गेलं ते मी शब्दांत पकडू शकणार नाही.

चार वाजेपर्यंतचा वेळ कसा गेला कळलं नाही. लाकडी पुलावरून आम्ही तिवरांत शिरलो. खाली चिखलातून मुळं खिळ्यांसारखी वर आलेली, आणि त्यांच्यामधून बोटाएवढे मासे चिखलावरच उड्या मारत चाललेले.

"हा मडस्किपर," मार्गदर्शक सांगू लागला. "हा मासा असून चिखलावर..."

"अगो बाय, निवटी!" कोनची एक बाई कठड्यावरून वाकली. "केवढ्या माजल्यात बघ! चिंचेचा कोळ घालून काय लागते!"

"मावशी, इथं पकडायला बंदी आहे हं," मार्गदर्शक घाबरून म्हणाला.

"पकडत न्हाय रे बाबा. ओळखीची निघाली म्हणून बोलले."

तोही हसला. मग पुढचा अर्धा रस्ता त्याचं सांगणं आणि बायकांचं सांगणं एकत्र चाललं. जेवणं झाली, संगीताचा डबा सगळ्यांना पुरून उरला. झाडाखाली कोणी फुगडी धरली. नसरीननं नव्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि फुगडी शिकली, आणि पहिल्याच गिरकीत नर्सबाईला घेऊन गवतावर बसली. भोईर बाईंनी दोन संघ पाडले आणि साडीतली कबड्डी खेळवली. आजूबाजूला फिरायला आलेली माणसं थांबून बघत होती. एका वयस्कर गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा बाईंनी त्यांना पंच म्हणून बोलावलं, आणि ते आलेही.

तिसऱ्या प्रहरी पाणी चढायला लागलं. तिवरांच्या मुळांमध्ये आधी ओल दिसली, मग चकाकी, आणि मग निवट्या कुठं गेल्या ते समजलंच नाही. चारला बोट धक्क्याला लागली.

खाडीत बोट शिरली तसा बायकांचा आवाज वाढला. मार्गदर्शक म्हणाला, आता जरा हळू, पक्षी जवळ आहेत. बोट वळली. समोर अजून न बुडालेल्या चिखलाची एक लांब पट्टी होती आणि तिच्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ते उभे होते. माना पाण्यात घातलेले. लांबच्या इमारतींच्या पुढं, त्या करड्या पाण्यात, गुलाबी.

बोटवाल्यानं इंजिन बंद केलं. भोईर बाईंचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "बघा गं," त्या कुजबुजल्या. "बघून घ्या."

पाणी वाढत होतं. ते पट्टीच्या कडेनं वर आलं, तसे एका टोकाचे पक्षी चालू लागले, मग पळू लागले, आणि मग अख्खा थवा उठला. पंख उघडले तेव्हा आतला तांबडा आणि काळा रंग दिसला. ते आमच्या डोक्यावरून गेले. पंखांचा आवाज ऐकू आला. नसरीनचा हात तोंडावर होता. "जैसे किसी ने कपडे का पूरा थान खोल दिया," ती म्हणाली. संगीता उभी राहिली होती. बोट हलते आहे, बोटवाला बसा म्हणतो आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. ती हात वर करून जोरात हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

परत येताना पुन्हा पुलावर गाड्या तुंबल्या. या खेपेला कोणाला घाई नव्हती. बसमध्ये गाणी चालली होती. हळदीची गाणी, भीमगीतं, नसरीनची सिनेमातली, आणि ज्यांना जे येत नव्हतं त्या टाळ्या धरत होत्या. वळ जवळ आलं तशी मात्र गाणी विरली. फाट्यावर दिवे लागले होते आणि दिव्याखाली मोटारसायकल घेऊन संगीताचा नवरा उभा होता. मागच्या सीटवर प्राची.

बस थांबली. सगळ्यांनी खिडक्यांशी गर्दी केली. संगीता रिकामा डबा घेऊन उतरली. बाई तिच्या मागोमाग उतरल्या. "चूक माझी हाय," त्या म्हणाल्या, "चारचा शब्द मी..."

त्यानं बाईंकडे बघून मान हलवली आणि बायकोकडे वळला. चेहरा ताठच होता.

"भात करपला," तो म्हणाला.

संगीतानं क्षणभर विचार केला. "उद्या परत करा," ती म्हणाली. "जमेल."

बसमध्ये असा हशा उठला की पानाच्या टपरीवरचा माणूस बाहेर येऊन बघू लागला. नवऱ्यानं हसू आवरायचा प्रयत्न केला, पण त्याला ते जमलं नाही. प्राची सीटवरून उडी मारून उतरली. "आई, दिसले? दिसले का?" आणि तिथं, त्या फाट्यावर, कंटेनरांच्या दिव्यांच्या उजेडात, संगीता दोन्ही हात पसरून दाखवू लागली. इकडून तिकडपर्यंत. असे. डोक्यावरून. तिचा नवरा मोटारसायकलला टेकून ऐकत राहिला. बस निघाली तरी तिचं दाखवणं चालूच होतं.

महिनाभरात मुलींची सहल निघाली. परवानगी मागायला कोणाकडे जावं लागलं नाही. आयाच शाळेत आल्या आणि मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर उभ्या राहून सांगू लागल्या, सकाळी लवकर निघा, नाहीतर पाणी उतरतं. मुख्याध्यापकांना दुसरी बस सांगावी लागली. प्राचीचे वडील टेम्पोनं पुलापर्यंत पुढं गेले आणि रस्ता मोकळा असल्याचा फोन त्यांनी बाईंना केला. मुलींनी पक्षी बघितले, बोटीत किंचाळल्या, चिखलात एकीची चप्पल गेली. सगळ्या घरी परतल्या, वेळेवर. त्या संध्याकाळी बाई शाळेच्या पायरीवर बसून बूट काढत होत्या. मी शेजारी बसले.

"झालं एकदाचं," मी म्हणाले.

"झालं न्हाय," त्या म्हणाल्या. "सुरू झालं."

त्यानंतर दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात भाषण करायला उठल्या आणि मुलींना म्हणाल्या, खूप बसलात, आता उठा, लंगडी खेळू. तेच त्यांचं भाषण. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली आहे, चांगली आहे, पण शेजारच्या गाळ्याला ती अजून ऐकू जात नाही. बाईंचा अधूनमधून फोन यायचा. कामाच्या गडबडीत माझंच जाणं झालं नाही.

या हिवाळ्यात माझ्या नणंदेला ते उद्यान बघायचं होतं, म्हणून आम्ही घरची माणसं गेलो. तिकीट काढून धक्क्यावर पोचलो तेव्हा एक बोट नुकतीच सुटली होती. बोटीत सगळ्या म्हाताऱ्या. कोनच्या असाव्यात, कारण जुन्या पद्धतीची आखूड लुगडी नेसलेल्या होत्या. कोणाचे केस पांढरेशुभ्र, कोणाच्या पायांशी काठी, सगळ्यांच्या अंगावर ती नारिंगी जाकिटं. एक आजी तर इतकी वाकलेली की जाकिटातून नुसतं नाक दिसत होतं. आणि सर्वांत मागं, बोटवाल्याच्या शेजारी, पदर खोचून उभ्या भोईर बाई.

मी धावत धक्क्याच्या टोकाला गेले आणि हाक मारली. इंजिनच्या आवाजात पहिली हाक गेली. दुसऱ्या हाकेला त्या वळल्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. दोन्ही हात वर करून त्यांनी असे हलवले की बोटवाल्यानं त्यांना खाली बसवायला त्यांचा पदर ओढला. त्या बसल्या नाहीत. त्यांनी तोंडाभोवती हात धरले.

"जागा न्हाय!" त्या पाण्यावरून ओरडल्या. "फुल्ल हाय! तुम्ही मागच्या बोटीनं या!"

बोट तिवरांच्या वळणाआड गेली. आम्ही धक्क्यावर रांगेत उभे राहिलो.